गलाई व्यवसाय

जुने व मोडके दागिने, सोनारांच्या कार्यशाळांतील मिश्रधातू, कानशीचा चुरा आणि केरातून मिळणारे धातुकण वितळवून व त्यांवर रासायनिक प्रक्रिया करून त्यांतील शुद्ध सोने व चांदी वेगळी काढण्याचा व्यवसाय. महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव व कवठे महांकाळ या तालुक्यांतील, तसेच सातारा जिल्ह्यातील खटाव व माण या तालुक्यांतील असंख्य कुटुंबांचे हे उपजीविकेचे साधन आहे. या भागातील गलाई कारागीर भारताच्या बहुतेक राज्यांतील सराफ बाजारांत पसरले असून खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या विटे या गावास या व्यवसायामुळेच ‘सुवर्णनगरी’ असे संबोधले जाते.

‘गलाई’ हा शब्द वितळविणे या अर्थाच्या ‘गलाना’ या हिंदी क्रियापदापासून आलेला आहे. वितळविण्याची क्रिया आणि तिची मजुरी या दोहोंसाठी तो वापरला जातो. मराठीत त्याच क्रियेस ‘आटणी’ आणि दागिने वितळविण्यास ‘सोने आटविणे’ असे म्हणतात. घरोघरी प्रचारात असलेला शब्द मागे पडून हिंदी शब्द रूढ झाला, यावरूनही हा व्यवसाय प्रामुख्याने परप्रांतांत वाढला हे सूचित होते.

सोन्याच्या व्यवहारात निरनिराळ्या व्यावसायिकांची कामे ठरलेली आहेत. सोनार दागिना घडवितो, सराफ त्याची खरेदी-विक्री करतो आणि झारेकरी सोनाराच्या दुकानातील राख व धूळ धुऊन तीतील धातुकण गोळा करतो. (उत्तर भारतात झारेकऱ्यास ‘न्यारिया’ म्हणतात.) गलाईवाला या सर्वांच्या मधला दुवा होय. मोडीत आलेला दागिना व धुळीतून निघालेला कण हे दोन्ही त्याच्याकडे येतात आणि शुद्ध लगडीच्या रूपाने पुन्हा बाजारात जातात.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी : ज्या प्रदेशाने सोने शुद्ध करणारे एवढे कारागीर निर्माण केले, त्या प्रदेशात सोन्याची खाण नाही आणि असण्याचा संभवही नाही. सातारा व सांगली हे जिल्हे मुख्यतः दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकांनी व्यापलेले आहेत. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून बनलेल्या या खडकांत सोन्याच्या शिरा आढळत नाहीत. भारतातील महत्त्वाचे सुवर्णसाठे कर्नाटकातील त्याहून कितीतरी प्राचीन अशा धारवाडी सुभाजा खडकांच्या पट्ट्यांत आहेत. कोलार, हट्टी व गदग ही त्यांची प्रसिद्ध स्थळे होत. [⟶ सोने].

गलाई व्यवसायाचे मूळ या प्रदेशाच्या पर्जन्यमानात शोधावे लागते. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर येथे वर्षाकाठी ५,००० मिमी.पेक्षा अधिक पाऊस पडतो. त्याच्या पूर्वेस पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि माण, आटपाडी, खानापूरचे पठार या भागांत तो सु. ५०० मिमी. किंवा त्याहूनही कमी असतो. माणगंगा, येरळा व अग्रणी या येथील नद्या वर्षाचा बराच काळ कोरड्या असतात. हलक्या, मुरमाड जमिनीत बाजरी, ज्वारी, मटकी यांसारखी पिके आणि जोडीस मेंढपाळी एवढाच चरितार्थाचा आधार होता. १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० या काळांतील दुष्काळांनी हा भाग पोळून निघाला. १९७२ च्या दुष्काळानेही येथील अनेक कुटुंबांना गाव सोडावयास लावले.

राजकीय दृष्ट्याही हा प्रदेश विभागलेला होता. खानापूर व तासगाव हे तालुके ब्रिटिश अमदानीत सातारा जिल्ह्यात होते, तर आटपाडीचा भाग औंध संस्थानात मोडत होता. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. मात्र प्रशासनाची हद्द बदलली, तरी खटाव, माण, आटपाडी व खानापूर येथील लोकजीवन, सोयरीक आणि स्थलांतराच्या वाटा एकच राहिल्या. त्यामुळे गलाई व्यवसायाचा विचार करताना सातारा व सांगली हे दोन जिल्हे वेगळे करता येत नाहीत.

अशा प्रदेशातील तरुणांना मुंबईच्या कापडगिरण्या, गोदी व सैन्य हे बाहेर पडण्याचे नेहमीचे मार्ग होते. विसाव्या शतकात त्यांत गलाई व्यवसायाची भर पडली. आधी गेलेल्या माणसाने भावास, भाच्यास किंवा गावातील मुलास हाताखाली बोलवावे, त्याने काही वर्षे भट्टीवर काम शिकावे व पुढे जवळच्या दुसऱ्या शहरात स्वतःचे दुकान थाटावे, अशा साखळीने त्याचा प्रसार झाला. या व्यवसायास मोठी जागा लागत नाही. एक खोली, भट्टी, तराजू आणि काही मुशी एवढ्या सामग्रीवर काम सुरू होते. कच्चा माल गिऱ्हाइकाचा असतो. लागणारे खरे भांडवल म्हणजे कौशल्य व विश्वास. दुष्काळी भागातील, जमीन असूनही हाती पैसा नसलेल्या कुटुंबास हे भांडवल उभे करणे शक्य होते. सोनारकीप्रमाणे हा व्यवसाय एका जातीशी निगडित नाही. त्यातील बहुसंख्य कारागीर शेतकरी कुटुंबांतून आलेले आहेत.

प्राचीन परंपरा : धातुशोधनाची कला मात्र भारतात फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्षाची कर्तव्ये, सोन्याचे प्रकार, कसोटीवरील रेषेची परीक्षा व अशुद्ध सोने शिशाच्या साहाय्याने शुद्ध करण्याची रीत यांची माहिती आलेली आहे. तराजूत फसविणे, मुशीतून धातू काढून घेणे, शुद्ध धातूच्या जागी हिणकस धातू घालणे इ. चोरीच्या युक्त्याही तेथे नोंदविलेल्या आहेत. धातू वितळताच त्याची ओळख नाहीशी होते. म्हणून वितळविणाऱ्यावर नजर असली पाहिजे, हा विचार तेव्हापासूनचा आहे आणि गलाईच्या आजच्या व्यवहारातही तोच मध्यवर्ती आहे.

शुद्धतेची परीक्षा : शुद्ध सोने मऊ असल्याने त्यात तांबे, चांदी, जस्त इ. धातू मिसळून दागिने घडवितात. शुद्धतेचे प्रमाण कॅरटमध्ये किंवा हजारी भागांत सांगतात. २४ कॅरट म्हणजे शुद्ध सोने. २२ कॅरटच्या सोन्यात हजारांपैकी ९१६, १८ कॅरटमध्ये ७५०, तर १४ कॅरटमध्ये सु. ५८५ भाग सोने असते. मराठीत अस्सल सोन्यास ‘बावनकशी’ म्हणतात. बाजारात शुद्धतेच्या प्रमाणास ‘टंच’ असा शब्द रूढ आहे. वजनासाठी पूर्वी ८ गुंजांचा १ मासा व १२ मासे म्हणजे १ तोळा (सु. ११·६६ ग्रॅ.) हे कोष्टक होते. दशमान पद्धती आल्यावर १० ग्रॅमलाच व्यवहारात तोळा म्हणू लागले.

गलाईवाल्याच्या हाती माल येताच पहिली परीक्षा कसोटीवर होते. कसोटी हा काळा, बारीक पोताचा व सिलिकायुक्त दगड असतो. त्यावर दागिना घासून उमटलेली रेघ माहीत असलेल्या कसाच्या सळईच्या रेघेशी ताडून पाहतात व दोन्हींवर तेजाबाचा (नायट्रिक अम्लाचा) थेंब टाकतात. हिणकस धातू अम्लात विरघळून रेघ फिकी पडते. ती किती फिकी पडली, यावरून कस ओळखतात. अनुभवी कारागिराची नजर यात विलक्षण तयार झालेली असते, तथापि ही परीक्षा पृष्ठभागापुरती असते. आत डाक किंवा दुसरी धातू भरलेली असल्यास ती फसवी ठरते. म्हणून दागिना वितळवून एकजीव केल्यानंतर पुन्हा नमुना तपासतात.

सर्वांत विश्वसनीय परीक्षा अग्निपरीक्षेची (आमापनाची) होय. तीत सोन्याचा सूक्ष्म तोललेला नमुना चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून अस्थिराखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या सच्छिद्र वाटीत तापवितात. शिसे व इतर हलक्या धातू ऑक्सिडीकरण होऊन वाटीत शोषल्या जातात आणि सोने-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून नायट्रिक अम्लात उकळला म्हणजे चांदी विरघळते व निखळ सोने राहते. त्याचे वजन मूळ नमुन्याशी ताडून कस निश्चित करतात.

शुद्धीकरणाच्या पद्धती : गलाईच्या दुकानात सोन्यासाठी पूर्वापार वापरली जाणारी पद्धत ही या अग्निपरीक्षेतील शेवटच्या पायरीचेच मोठे रूप आहे. तिचे तत्त्व असे : नायट्रिक अम्ल चांदी व तांबे विरघळविते, परंतु सोन्यावर त्याचा परिणाम होत नाही. तथापि मिश्रधातूत सोन्याचे प्रमाण अधिक असेल, तर सोन्याचे अणू चांदीला झाकून ठेवतात आणि अम्ल आतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून सोने एकूण वजनाच्या सु. एक-चतुर्थांश राहील एवढी चांदी तीत आधी मिसळावी लागते. शुद्ध करावयाच्या सोन्यात प्रथम चांदी घालावयाची, ही गोष्ट नवख्यास चमत्कारिक वाटते, पण संपूर्ण प्रक्रियेची गुरुकिल्ली तीच आहे.

उदाहरणार्थ, २२ कॅरटचा १२ ग्रॅ. वजनाचा दागिना घेतल्यास त्यात ११ ग्रॅ. सोने व १ ग्रॅ. इतर धातू असतात. ११ ग्रॅ. सोने एक-चतुर्थांश होण्यासाठी एकूण वजन ४४ ग्रॅ. व्हावयास हवे. म्हणून त्यात सु. ३२ ग्रॅ. चांदी घालतात. हे मिश्रण मुशीत घेऊन भट्टीत वितळवितात. सोने १,०६४° से., चांदी सु. ९६२° से. व तांबे सु. १,०८५° से. तापमानास वितळते. मळ वर येऊन वेगळा व्हावा म्हणून अभिवाह (वितळण्यास मदत करणारा पदार्थ) म्हणून टाकणखार (सवागी) टाकतात. एकजीव झालेला रस पाण्यात बारीक धारेने ओतला म्हणजे त्याचे रवे बनतात. रव्यांमुळे पृष्ठभाग वाढून अम्लाची क्रिया जलद होते.

हे रवे काचेच्या किंवा चिनी मातीच्या पात्रात घालून त्यांवर नायट्रिक अम्ल ओततात व मंद आच देतात. तांबूस-तपकिरी धूर निघू लागतो. धूर थांबला व विद्राव शांत झाला, की तो निथळून घेऊन ताज्या अम्लाची आणखी एक पाळी देतात. पात्राच्या तळाशी सोने राहते, परंतु ते पिवळे दिसत नाही. ते तपकिरी, मातीसारख्या चूर्णाच्या रूपात असते. ते गरम पाण्याने अनेकदा धुऊन, वाळवून टाकणखारासह पुन्हा वितळविले म्हणजे त्यास नेहमीचा रंग व झळाळी प्राप्त होते. रस साच्यात ओतून त्याची लगड करतात.

निथळून काढलेल्या विद्रावात सिल्व्हर नायट्रेटाच्या रूपाने चांदी असते. त्यात तांब्याचे पत्रे सोडले म्हणजे तांबे विरघळते व त्याच्या जागी चांदीचे करडे चूर्ण खाली बसते. विद्राव निळा होत जातो. १ ग्रॅ. तांबे सु. ३·४ ग्रॅ. चांदी बाहेर काढते. म्हणजे वरील उदाहरणातील ३२ ग्रॅ. चांदी परत मिळण्यास साडेनऊ ग्रॅ.च्या आसपास तांबे खर्ची पडते. हीच चांदी धुऊन, वितळवून पुढच्या कामास वापरता येते. दुसऱ्या रीतीत विद्रावात मिठाचे पाणी घालून सिल्व्हर क्लोराइडाचा पांढरा साका पाडतात व जस्ताच्या किंवा लोखंडाच्या साहाय्याने त्यापासून चांदी मिळवितात.

सोन्याचे प्रमाण आधीच अधिक असेल व चांदी अल्प असेल, तर अम्लराजाचा उपयोग करतात. एक भाग नायट्रिक व तीन भाग हायड्रोक्लोरिक अम्ल यांच्या या मिश्रणात सोनेच विरघळते आणि चांदी क्लोराइडाच्या रूपात मागे राहते. गाळून घेतलेल्या विद्रावात हिराकस (फेरस सल्फेट) किंवा सोडियम बायसल्फाइट घातल्यास सोन्याचे चूर्ण तळाशी बसते. या पद्धतीने अतिशय शुद्ध सोने मिळते, परंतु विद्रावातील सोने दिसत नसल्याने थोडासा विद्राव सांडला, तरी मोठे नुकसान होते.

चांदीच्या शुद्धीकरणाची जुनी रीत शिशाची आहे. हिणकस चांदी शिशासह राखेच्या थराने लिंपलेल्या भट्टीत वितळवून वर भात्याची हवा सोडतात. शिसे व तांबे यांचे ऑक्सिडीकरण होते. शिशाचे ऑक्साइड (मुरदाडशिंग) हिणकस भाग बरोबर घेऊन राखेत मुरते व शेवटी चांदीचा पृष्ठभाग आरशासारखा चमकून उठतो. पैंजण, वाळे, जोडवी, भांडी अशी चांदीची मोड ग्रामीण बाजारात मोठ्या प्रमाणावर येते. तिच्यात डाकाचे प्रमाण अधिक असल्याने गलाईनंतरचे वजन गिऱ्हाइकाच्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरते आणि वादाचे प्रसंगही उद्भवतात.

मोठ्या कारखान्यांतून वेगळ्या पद्धती प्रचलित आहेत. एफ्. बी. मिलर यांनी १८६७ मध्ये शोधलेल्या पद्धतीत वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडून इतर धातूंची क्लोराइडे वेगळी करतात. एमिल व्होलव्हिल यांनी १८७४ मध्ये हँबर्ग येथे विकसित केलेल्या विद्युत् विच्छेदन पद्धतीत अशुद्ध सोन्याचा धनाग्र व शुद्ध सोन्याच्या पत्र्याचा ऋणाग्र वापरून ९९·९९ टक्क्यांपर्यंत शुद्धता गाठता येते. या पद्धतींस सोन्याचा बराच साठा अडकून पडतो. पाच-दहा ग्रॅ. सोने घेऊन आलेल्या व सायंकाळपूर्वी ते परत हवे असलेल्या सोनारास त्यांचा उपयोग नसतो. लहान गलाई दुकान टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

घट, मजुरी व विश्वास : वितळविताना धातूचे वजन थोडे कमी होते. यास ‘घट’ म्हणतात. मळ, डाक, मीना व लाख जळून जाणे हे तिचे उघड कारण होय. मुशीस चिकटलेले, धुरात गेलेले किंवा जमिनीवर उडालेले कण हे दुसरे कारण होय. १०० ग्रॅ. सोन्यात अर्ध्या टक्क्याची चूक म्हणजे अर्धा ग्रॅ. सोने. गलाईची मजुरी मालाच्या मोलाच्या मानाने अल्प असल्याने एवढी चूक अनेक दिवसांची कमाई बुडविण्यास पुरेशी असते. म्हणून गिऱ्हाईक समोर असताना वजन करणे, त्याच्यादेखत मूस भट्टीत ठेवणे व लगडीचा नमुना राखून ठेवणे अशा प्रथा रूढ आहेत. दुकानातील केर, जुन्या मुशी, भट्टीची राख व हात धुतलेले पाणीसुद्धा टाकून दिले जात नाही. ते साठवून ठरावीक काळाने त्यातील धातू वेगळी काढतात.

परप्रांतात, परभाषेत, दुसऱ्याचे सोने हाती घेऊन हा व्यवहार करावयाचा असल्याने प्रतिष्ठा ही गलाईवाल्याची खरी पुंजी ठरते. एका दुकानावर आलेला संशय त्या बाजारातील सर्व मराठी दुकानांवर येतो. त्यामुळे एकाच गावचे किंवा तालुक्याचे लोक परस्परांच्या वागणुकीवर लक्ष ठेवतात आणि नवख्या मुलाची जबाबदारी त्यास आणणाऱ्याने घ्यावी असा संकेत आहे.

आरोग्यविषयक प्रश्न : नायट्रिक अम्लाच्या क्रियेतून निघणारा तांबूस धूर हा नायट्रोजन डाय-ऑक्साइड वायू होय. तो श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास प्रथम केवळ खोकला किंवा घशाची आग जाणवते. परंतु काही तासांनंतर फुप्फुसांत पाणी साठून प्राणावर बेतू शकते. अल्प प्रमाणात दीर्घकाळ संपर्क आल्यास श्वसनाचे जुनाट विकार जडतात. शिशाच्या वाफेमुळे रक्त व मज्जासंस्था यांवर परिणाम होतो. दागिन्यांच्या डाकात कॅडमियम असल्यास धोका अधिक असतो. कॅडमियम ७६७° से. तापमानासच उकळत असल्याने सोने वितळण्यापूर्वीच त्याची विषारी वाफ बाहेर पडते. सिल्व्हर नायट्रेटामुळे हाताच्या कातडीवर काळे डाग पडतात. ते काही दिवसांत जातात, पण अम्लाने झालेल्या जखमांचे व्रण कायम राहतात.

दाट वस्तीच्या सराफ बाजारात, वरच्या मजल्यावरील एखाद्या खोलीत, अनेकदा त्याच जागी राहून व झोपून काम करणाऱ्या कारागिरांच्या बाबतीत हे धोके वाढतात. धूर ओढून घेणारी धुराडी, तो अल्कधर्मी पाण्यातून सोडून निर्दोष करण्याची सोय, रबरी हातमोजे, चष्मा व योग्य मुखपट यांनी ते बरेच कमी करता येतात. तांबेयुक्त अम्लीय सांडपाणी गटारात न सोडता चुन्याने उदासीन करणे आवश्यक असते. निवासी वस्तीतील भट्ट्यांसंबंधी शेजाऱ्यांच्या तक्रारी व स्थानिक प्रशासनाची कारवाई हा या व्यावसायिकांपुढील नेहमीचा प्रश्न आहे.

कायदा व व्यवसाय : जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांन्वये सुवर्ण नियंत्रण जारी झाले व १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी करण्यात आली. देशभर सोनारांवर बेकारीचे संकट कोसळले. दागिन्यांच्या शुद्धतेवरील हे बंधन १९६६ मध्ये उठले, परंतु १९६८ च्या सुवर्ण (नियंत्रण) अधिनियमाने लगड, चीप यांसारख्या ‘प्राथमिक’ सोन्याच्या बाळगण्यावर कडक निर्बंध घातले आणि व्यापारी व शुद्धीकरण करणारे यांस परवाना आवश्यक केला. गलाईतून निघणारी वस्तू हीच नेमकी प्राथमिक सोने असल्याने लहान गलाईवाल्याचा रोजचा व्यवहार कायद्याच्या कक्षेत सापडला. हा अधिनियम १९९० मध्ये रद्द झाला. १९९२ नंतर सोन्याची आयात टप्प्याटप्प्याने खुली झाली, सराफ बाजार वाढले आणि त्याबरोबर गलाईचे कामही वाढले.

चोरीच्या मालाचा प्रश्न अद्याप तसाच आहे. चोरीची वस्तू जाणूनबुजून स्वीकारणे हा भारतीय दंड संहितेच्या ४११ व्या कलमान्वये गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३१७ व्या कलमात समाविष्ट आहे. वितळलेल्या सोन्यावर मूळ दागिन्याची कोणतीही खूण राहत नाही. त्यामुळे चोराला गलाईवाल्याची गरज भासते आणि चोरीच्या तपासात पोलिसांची पावले प्रथम त्याच्याकडे वळतात. माल आणणाऱ्याची ओळख व नोंद ठेवणे हेच त्यावर एकमेव संरक्षण होय. तथापि घाईच्या व ओळखीच्या व्यवहारात तीकडे दुर्लक्ष झाल्यास निर्दोष कारागिरासही परक्या राज्यात दीर्घकाळ चौकशीस तोंड द्यावे लागते.

भारतीय मानक संस्थेने सोन्याच्या दागिन्यांसाठी २००० मध्ये व चांदीसाठी २००५ मध्ये प्रमाणचिन्हाची (हॉलमार्क) योजना सुरू केली. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हे चिन्ह सक्तीचे झाले व १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यास सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळखखूण आवश्यक ठरली. शुद्धतेची खात्री दागिन्यावरच मिळू लागल्याने मोडीचा व्यवहार अधिक सोपा झाला. मात्र कसोटीवरील पारख हे गलाईवाल्याचे जे खास कसब होते, त्याचे महत्त्व त्या प्रमाणात कमी झाले.

प्रसार व समाजजीवन : गलाई कारागीर तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगण, गुजरात, राजस्थान, पंजाब, दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, ओडिशा, आसाम इ. राज्यांत, तसेच नेपाळमध्येही स्थायिक झालेले आहेत. कोईमतूर, त्रिचूर, वाराणसी, कोलकाता यांसारख्या दागिन्यांच्या मोठ्या बाजारपेठांप्रमाणेच तालुक्याच्या लहान गावांतही त्यांची दुकाने आढळतात. श्रीनगर येथेही सोन्याच्या व्यवसायातील मराठी कारागीर गणेशोत्सव साजरा करतात. परप्रांतांतील गलाई वस्तीत गणेशोत्सव व शिवजयंती हे एकत्र येण्याचे प्रमुख प्रसंग असतात आणि त्यांभोवती मराठी मंडळे उभी राहिली आहेत.

या स्थलांतराचे वैशिष्ट्य असे, की गावाशी असलेले नाते सहसा तुटत नाही. गावची जत्रा, सुगी, लग्नसराई यांसाठी कुटुंबे परत येतात. सोयरीक बहुधा आपल्याच तालुक्यात जुळविली जाते. परप्रांतात मिळविलेल्या पैशातून गावी पक्की घरे, मंदिरे व शाळागृहे उभी राहिली. विहिरी खोदल्या गेल्या. विटे येथील बाजारपेठेच्या वाढीस या पैशाचा मोठा हातभार लागला. तेथील यंत्रमाग व कुक्कुटपालन हे उद्योगही प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या बाजूस अनेक गावांत वर्षाचे दहा महिने कुलुपे लागलेली घरे व मागे राहिलेली वृद्ध माणसे हे दृश्य नेहमीचे झाले. मुलांचे शिक्षण तमिळ, मलयाळम्, बंगाली किंवा हिंदी माध्यमातून होते. घरात माणदेशी बोली व बाहेर तेथील भाषा सहजतेने बोलणारी, परंतु मराठी लिहिता-वाचता न येणारी पिढी अनेक कुटुंबांत तयार झाली आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा बाजार बंद पडून या कारागिरांपैकी अनेकांना गावाकडे परतावे लागले आणि व्यवसायाचे परावलंबित्व स्पष्ट झाले.

कृष्णा नदीवरील टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी दुष्काळी तालुक्यांत पोहोचू लागल्यापासून द्राक्षे, डाळिंब व ऊस यांची लागवड वाढली आहे. ज्या कारणाने लोक बाहेर पडले, ते कारण काही गावांपुरते दूर झाले आहे. तरी परप्रांतातील दुकान, तेथील ओळखी व मुलांचे शिक्षण सोडून परतणे सोपे नसते.

स्थित्यंतर व महत्त्व : कोळशाच्या भट्टीची जागा प्रथम वायूच्या व नंतर विद्युत् प्रवर्तन भट्टीने घेतली. कसोटीच्या जोडीस क्ष-किरणांच्या साहाय्याने काही सेकंदांत कस सांगणारी यंत्रे आली. त्यांची किंमत लहान दुकानदारास परवडत नाही. त्यामुळे काही जण भागीदारीत यंत्र घेऊन केवळ टंच काढून देण्याचा व्यवसाय करतात. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून (सोन्यावर ३ टक्के) हिशेबाचे काम वाढले. मोठे स्वयंचलित शुद्धीकरण कारखाने व मोड थेट विकत घेणाऱ्या संघटित सराफी कंपन्या यांची स्पर्धाही तीव्र झाली आहे.

राष्ट्रीय दृष्ट्या मात्र या कामाचे मोल कमी झालेले नाही. कोलार येथे १८८० पासून चाललेल्या व ३ किमी.हून अधिक खोल गेलेल्या खाणींतून सु. १२० वर्षांत जवळजवळ ८०० टन सोने निघाले. त्या २००१ मध्ये बंद झाल्या. आता रायचूर जिल्ह्यातील हट्टी ही देशातील प्रमुख सुवर्णखाण असून भारताची बहुतेक गरज आयातीने भागते. उलट भारतीय घरांत सु. २५,००० टन सोने असल्याचा अंदाज वर्तविण्यात येतो. खाणीतील एक टन धातुकातून काही ग्रॅ. सोने मिळते, तर २२ कॅरटच्या मोडीत दर किलोग्रॅममागे ९१६ ग्रॅ. सोने असते. जुने दागिने हीच देशाची सर्वांत समृद्ध खाण मानली, तर गलाई कारागीर हा तिच्यातील खाणकामगार ठरतो.

खाणींच्या प्रदेशांत खाणकामाचा इतिहास जपणारी संग्रहालये जगात अनेक ठिकाणी आहेत. ऑस्ट्रेलियातील बॅलारट येथे, जेथे १८५१ मध्ये सोने सापडले, तेथे १९७० पासून खाणगावाची हुबेहूब प्रतिकृतीच उभी आहे. खटाव तालुक्यातील औंध येथे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये स्थापन केलेल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयामुळे या भागासही कलावस्तूंच्या जतनाची परंपरा आहे. गलाईच्या इतिहासाची साधने याहून साधी आहेत : कातडी भाता, ग्राफाइटाच्या व मातीच्या मुशी, लांब दांड्याची सांडशी, रस ओतण्याचा साचा, गुंजा व पितळी वजनांची पेटी, झिजलेली कसोटी आणि परप्रांतातील व्यवहाराच्या मोडी व देवनागरी वह्या. वितळविणे हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या हातून घडलेले काम मागे उरत नाही. त्यामुळे ही हत्यारे व वह्या यांखेरीज या व्यवसायाचा दुसरा भौतिक पुरावा शिल्लक राहत नाही. भट्ट्या व तराजू झपाट्याने बदलत असल्याने त्यांचे आणि वृद्ध कारागिरांच्या आठवणींचे संकलन हे या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने निकडीचे काम ठरते.